जीवाशी खेळ : पॅरामेशियम जॉयस्टिकचं ऐकतं का?



पेट पास झालात आणि आता सिनॉप्सिस लिहायचाय, किंवा नेटचा अभ्यास करता करता शोधनिबंध वाचायची सवय लावायचीय, अशा मंडळींसाठी हा ब्लॉग आहे हे जुन्या वाचकांना माहीतच आहे. आजचा विषय ऐकून घरचे विचारतील, "यासाठी शिकवलं का तुला?" विषय आहे जिवंत सूक्ष्मजीवांवर चालणारे व्हिडिओ गेम. इथे पडद्यावर जे धावतं ते प्रोग्रॅममधलं चित्र नसतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात खरोखर पोहणारी पेशी असते, आणि जॉयस्टिक तुमच्या हातात असते.

गमतीच्या संशोधनाची एक अडचण असते. रटाळ पेपर आपण शंका घेत घेत वाचतो, मजेशीर पेपरला मात्र टाळ्या वाजवून सोडून देतो. म्हणून आज मुद्दाम या खेळांची चिकित्सा करू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या खेळांचं वर्णन करताना 'नियंत्रण' हा जो शब्द सर्रास वापरला जातो, तोच त्यातला कच्चा दुवा आहे. जिथे नियंत्रण सुटतं, तिथे शिकण्यासारखं खरं काही सापडतं. आणि म्हणूनच हे खेळ खेळणाऱ्यापेक्षा बनवणारा जास्त शिकतो.

आधी, नेमकं काय केलं गेलं?

२०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इंगमार रीडेल-क्रुझ यांच्या गटाने 'लॅब ऑन अ चिप' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी 'बायोटिक गेम' ही कल्पना मांडली. आपण त्याला जैव-खेळ म्हणू. कल्पना साधी आहे. पॅरामेशियम असलेलं पाणी एका छोट्या चौकोनी कप्प्यात भरायचं, वरून कॅमेरा लावायचा आणि कॅमेऱ्यात दिसणाऱ्या जिवंत चित्रावर संगणकाने खेळाचं मैदान काढायचं. पेशी कुठे गेली याचा माग संगणक ठेवतो आणि गुणही तोच मोजतो. खेळाडूच्या हातातल्या बटणाने कप्प्यातल्या सौम्य विद्युतक्षेत्राची दिशा बदलते. दिशा बदलली की पॅरामेशियम वळतं. जुन्या पॅक-मॅनच्या धर्तीवर बनवलेल्या खेळाचं नाव त्यांनी ठेवलं 'पॅक-मेशियम'. दुसऱ्या एका खेळात विजेऐवजी एखाद्या रसायनाचा किंचित फवारा सोडून पेशींना हुसकावायचं होतं. याच निबंधात यीस्टच्या वासावर आधारलेला एक खेळ होता आणि डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर प्रक्रियेची शर्यत लावणाराही एक होता.

नंतर हा गट युग्लीनाकडे वळला. युग्लीना प्रकाशाला प्रतिसाद देते, त्यामुळे विजेच्या तारांची भानगड नको. २०१५ साली त्यांनी सॅन होजे शहरातल्या विज्ञान संग्रहालयात 'ट्रॅप इट' नावाचं प्रदर्शन मांडलं. टचस्क्रीनवर बोटाने रेघ ओढली की तशीच प्रकाशाची रेघ सूक्ष्मदर्शकाखालच्या युग्लीनांवर पडायची. २०१६ साली 'प्लॉस वन'मध्ये 'लुडसस्कोप' आलं. यात थ्री-डी प्रिंटरवर छापलेला छोटा सूक्ष्मदर्शक आहे, त्याला मोबाइल अडकवायचा, चार बाजूंना चार एलईडी आणि ते पेटवायला एक जॉयस्टिक.

इथवर वाचून तुमच्याही मनात 'भारीच आहे' असं आलं असेल. आलं पाहिजेच, कारण काम खरंच कल्पक आहे. आता प्रश्न विचारू.

वळतं म्हणजे ऐकतं का?

पहिला प्रश्न कोणत्याही पेपरला विचारायचा असतो: क्रियापद कोणतं वापरलंय? जैव-खेळांबद्दलच्या लिखाणात 'खेळाडू पेशीला नियंत्रित करतो' असं वाक्य हमखास येतं. पण पेशीच्या आत काय घडतं ते बघितलं तर या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत.

पॅरामेशियम घ्या. विद्युतक्षेत्रात ते ऋणाग्राकडे पोहत जातं. ही गोष्ट नवी नाही, जर्मन शास्त्रज्ञ माक्स फेरवोर्न यांनी १८८९ मध्येच तिची नोंद केली होती. कारण असं, की क्षेत्र लावलं की पेशीच्या दोन बाजूंच्या पटलावर उलटसुलट परिणाम होतो. ऋणाग्राकडच्या बाजूला पटलातले कॅल्शियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि तिथल्या पक्ष्माभिका उलट्या दिशेने वल्ही मारू लागतात. धनाग्राकडच्या बाजूला त्या सरळ दिशेनेच, पण जास्त जोरात मारतात. नावेच्या एका बाजूचे नावाडी उलटी आणि दुसऱ्या बाजूचे सुलटी वल्ही मारत असतील तर नाव वळणारच. म्हणजे इथे आपण पॅरामेशियमला काही सांगत नाही, थेट त्याची वल्ही धरून फिरवतो.

युग्लीनाचं तसं नाही. ती पोहताना स्वतःभोवती गिरकी घेत असते, सेकंदाला साधारण एक-दोन. तिच्या कशाभिकेच्या मुळाशी प्रकाश ओळखणारी रचना असते आणि शेजारी तांबूस नेत्रबिंदू. प्रकाश एका बाजूने येत असेल तर प्रत्येक गिरकीत नेत्रबिंदूची सावली त्या रचनेवर एकदा पडते. उजेड, सावली, उजेड, सावली असा हा संकेत मिळत राहतो आणि युग्लीना आपली दिशा दुरुस्त करत जाते. प्रकाश मंद असेल तर त्याच्याकडे, प्रखर असेल तर त्याच्यापासून दूर. म्हणजे इथे आपण तिच्याच ज्ञानेंद्रियामार्फत एक खबर पोचवतो. त्या खबरीचं काय करायचं, ते तिची अंतर्गत यंत्रणा ठरवते.

एका खेळात दांडगाई आहे, दुसऱ्यात इशारा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कारण जॉयस्टिक हलवली की ठिपका वळतो एवढंच खेळाडूला दिसतं. जीवशास्त्र शिकवण्याचा दावा असलेल्या खेळाने जीवशास्त्रातला नेमका हाच फरक झाकला, तर त्याला यश म्हणायचं का? माझ्या मते ही या खेळांची पहिली उणीव. ती दूर करणं अवघडही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात त्या क्षणी पेशीत काय घडतंय याचं साधं चित्र दाखवलं तरी पुरे.

तुम्ही यातून काय घ्यायचं? आपल्या सिनॉप्सिसमध्ये 'नियंत्रित करणे', 'प्रभाव टाकणे', 'कारणीभूत असणे', 'संबंधित असणे' ही क्रियापदं लिहिताना थांबा. आपण उद्दीपन बदलतोय की प्रतिसाद बदलतोय? जैव-खेळात खेळाडूच्या ताब्यात फक्त उद्दीपन असतं. प्रतिसाद पेशीचा.

एक पेशी नाही, अख्खा थेंब

दुसरा प्रश्न: उद्दीपन कुणाला मिळालं? चार एलईडींपैकी डावीकडचा पेटवला तर तो थेंबातल्या सगळ्याच युग्लीनांना दिसतो. विद्युतक्षेत्रही सगळ्या पॅरामेशियमांना एकदम लागतं. तरी खेळताना वाटतं की आपण 'आपल्या' पेशीला चालवतोय. कारण संगणक त्यातली एक पेशी निवडून तिच्याभोवती चौकट काढतो. हा आपलेपणा सॉफ्टवेअरने तयार केलेला असतो.

हे फक्त खेळापुरतं राहत नाही. समजा तुम्ही या सामग्रीवर प्रयोग केला. एका थेंबात ४० युग्लीना होत्या, निळा एलईडी पेटवला, ३० वळल्या. तुम्ही लिहिलं, नमुना ४०. व्हायवाला परीक्षक लगेच धरतील. त्या ४० पेशी एकाच थेंबात, एकाच वेळी, एकाच दिव्याखाली होत्या, त्यामुळे त्या ४० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. त्या थेंबाचं तापमान जास्त असेल किंवा ते संवर्धन जुनं झालेलं असेल, तर सगळ्यांवर एकत्रच परिणाम होईल. स्वतंत्र एकक आहे थेंब, आणि खरं तर वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवलेलं संवर्धन. या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरशास्त्राच्या संदर्भात तिच्यावर जो निबंध लिहिला तो आजही संशोधनपद्धतीच्या तासाला सांगितला जातो. शेतातल्या एकाच वाफ्यातली शंभर झाडं मोजून 'नमुना शंभर' लिहिणं, ते हेच.

तिसरा प्रश्न त्याला लागूनच येतो: हात न लावता किती गुण मिळतात? पेशी नुसत्या इकडेतिकडे पोहत असतात, त्यामुळे काही वेळा त्या आपसूकच गोलमध्ये शिरतील. जॉयस्टिक बाजूला ठेवून दहा मिनिटं खेळ तसाच चालू दिला आणि १२ गुण झाले, मग जॉयस्टिक घेऊन खेळल्यावर १५ झाले, तर तुमचं कौशल्य तीन गुणांचं, तेही फरक योगायोगाचा नसेल तर. पुस्तकात शून्य गृहीतक वाचताना डोक्यावरून जातं ना? ते इथे असं डोळ्यांसमोर उभं राहतं. जैव-खेळाचं हे सगळ्यात मोठं शैक्षणिक मूल्य आहे असं मला वाटतं. पण ते मिळवायचं तर 'हात न लावता' ही फेरी खेळात सक्तीची हवी. प्रत्येक खेळाडूने आधी न खेळता किती गुण होतात ते बघावं, मग खेळावं.

सकाळचा स्कोअर, रात्रीचा स्कोअर

व्हिडिओ गेममध्ये बटण दाबलं की दर वेळी तेच घडतं. पेशीचं तसं नाही. युग्लीना वळायला वेळ घेते. काही वळतच नाहीत, एखादी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरत बसते. एवढंच नाही, तर तिचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. व्हिक्टर ब्रूस आणि कॉलिन पिटेनड्रिघ यांनी १९५६ साली दाखवलं की युग्लीनाच्या या वागण्याला सुमारे २४ तासांचा ताल आहे आणि तापमान बदललं तरी तो फारसा ढळत नाही. म्हणजे त्या एका पेशीत घड्याळ आहे. तोच खेळाडू, तीच जॉयस्टिक, तरी सकाळचा आणि रात्रीचा स्कोअर वेगळा येऊ शकतो.

त्याही आधी, १९०६ साली हर्बर्ट जेनिंग्स यांनी खालच्या पातळीवरच्या जीवांच्या वर्तनावर जे पुस्तक लिहिलं त्यात हा मुद्दा ठासून मांडला होता: उद्दीपन तेच असलं तरी जीवाची त्या वेळची अवस्था बदलली की प्रतिसाद बदलतो. एकपेशीय जीव म्हणजे बटण दाबलं की चालणारं यंत्र नव्हे.

खेळ बनवणाऱ्याला हे सगळं अडथळ्यासारखं वाटतं. खेळाडू वैतागू नये म्हणून तो हळूहळू ते पुसत जातो: जास्त प्रतिसाद देणारं संवर्धन निवडा, ठरावीक वेळीच खेळू द्या, न वळणाऱ्या पेशी गुणांतून वगळा. खेळ गुळगुळीत होतो आणि त्यातलं जीवशास्त्र निघून जातं. हा पेच या सगळ्या क्षेत्राच्या मुळाशी आहे. खेळ म्हणून तो जितका चांगला, तितका प्रयोग म्हणून कमकुवत. 'न वळणाऱ्या पेशी वगळल्या' हे वाक्य पेपरात दिसलं तर पेन्सिलने खूण करा, आणि किती वगळल्या व कोणत्या निकषावर, ते शोधा.

मोठे शब्द

जिवंत पेशी आणि व्हिडिओ गेम ही जोडी दिसली की बातमीदार आणि कधीकधी संशोधकसुद्धा शब्दांची उधळण करतात. दोन उदाहरणं देतो.

२०२४ च्या सुरुवातीला 'आतड्यातल्या जिवाणूंवर डूम हा गेम चालवला' अशी बातमी जगभर फिरली. एमआयटीतल्या एका संशोधक विद्यार्थिनीची कल्पना होती. ई. कोलायच्या पेशी ३२ गुणिले ४८ अशा मांडायच्या, चमकणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने त्या उजळवायच्या किंवा विझवायच्या, म्हणजे त्यांचा पडदा होईल. यातला पहिला मुद्दा, जिवाणू गेम चालवत नाहीत, ते फक्त पडदा असतात. दुसरा मुद्दा, हे सगळं संगणकावरचं गणित होतं, प्रत्यक्ष बांधलेला पडदा नव्हता. तिसरा, एक चित्र पूर्ण उजळायला ७० मिनिटं आणि पूर्ववत व्हायला ८ तास २० मिनिटं लागतील, म्हणजे अख्खा गेम संपायला सुमारे ६०० वर्षं, हा हिशेब त्याच कामात दिलेला होता. काम प्रामाणिक होतं, मथळे तसे नव्हते.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. २०२२ साली मेलबर्नच्या 'कॉर्टिकल लॅब्स'ने 'न्यूरॉन' या नियतकालिकात निबंध छापला. माणसाच्या आणि उंदराच्या सुमारे ८ लाख चेतापेशी तबकडीत वाढवून त्यांना पाँग हा चेंडूफळीचा गेम 'खेळायला' लावलं होतं. त्या पेशी सूक्ष्मजीव नव्हेत, पण प्रश्न तोच. निबंधाच्या शीर्षकातच जाणिवेचा दावा करणारा शब्द होता. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी त्याला लेखी आक्षेप घेतला. प्रयोगातल्या नोंदी एकवेळ मान्य करता येतील, पण त्यांच्यावर लावलेलं नाव त्यांना पेलत नाही, अशा स्वरूपाचा तो वाद होता.

या दोन्हींशी तुलना केली तर रीडेल-क्रुझ यांच्या गटाचं लिखाण बरंच संयमी आहे. पण 'नियंत्रण' हा शब्द तिथेही घसरगुंडीच्या पहिल्या पायरीवर उभा आहे.

शिकले हे कसं कळलं?

आता दाव्याच्या मुळाशी येऊ. २०११ च्या निबंधाच्या शीर्षकातच या खेळांच्या उपयुक्ततेचा उल्लेख आहे. पण 'खेळ बनवता येतो' हे दाखवणं वेगळं आणि 'खेळल्याने शिकता येतं' हे दाखवणं वेगळं. पहिल्यासाठी एक चालणारं यंत्र पुरतं. दुसऱ्यासाठी तुलना लागते.

तुलना कशाशी? मला विचाराल तर तीन गट हवेत. एका गटाने जिवंत युग्लीनांचा खेळ खेळायचा. दुसऱ्याने हुबेहूब तसाच, पण संगणकाने बनवलेल्या पेशींचा, त्यातही काही पेशी न वळणाऱ्या, काही उशिरा वळणाऱ्या. तिसऱ्याने खेळायचं नाही, त्याच युग्लीना त्याच वेळेत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि वहीत चित्र काढायचं. मग तिघांनाही काही आठवड्यांनी एक अनोळखी प्रश्न द्यायचा, उदाहरणार्थ, 'या नव्या जीवाला प्रकाश कळतो की उष्णता, हे कसं ठरवाल?' पहिला गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला तरच जिवंतपणाला काही शैक्षणिक मोल आहे असं म्हणता येईल. तिसरा गट बरोबरीला आला, तर खेळाची गरजच काय, हाही प्रश्न उभा राहील. खेळानंतर लगेच भरून घेतलेल्या प्रश्नावलीत 'मजा आली, आवड वाढली' असं येणारच. आनंद आणि आकलन या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत.

याच गटाचं मला सगळ्यात पटलेलं काम मात्र वेगळंच आहे. २०१५ साली 'प्लॉस बायॉलॉजी'त त्यांनी एका अभ्यासक्रमाचा अनुभव मांडला. त्यात जैव-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी युग्लीनाचा खेळ खेळायचा नव्हता, स्वतः बनवायचा होता: सूक्ष्मदर्शक जोडा, एलईडीचं सर्किट करा, पेशीचा माग काढणारा प्रोग्रॅम लिहा आणि मग त्यावर खेळ रचा. इथे चित्र पालटतं. खेळणाऱ्याला पेशी किती वेळाने वळते हे माहीत असायची गरज नसते. बनवणाऱ्याला ते मोजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. वर जे प्रश्न आपण एकेक करून विचारले, ते त्याच्यासमोर रोज आपोआप येतात, कारण ते सोडवल्याशिवाय खेळ चालत नाही.

खेळ होतो, जीव जातो?

बेडकांना दगड मारणाऱ्या पोरांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तुमचा खेळ होतो, आमचा जीव जातो. पॅरामेशियमला ती लागू होते का?

२०१४ साली 'हेस्टिंग्ज सेंटर रिपोर्ट'मध्ये या प्रश्नावर एक लेख आला. त्याच्या शीर्षकातच 'निष्पाप गंमत की सूक्ष्म-गुलामगिरी' असा सवाल होता. एकपेशीय जीवांना चेतासंस्था नाही, त्यामुळे वेदनेचा मुद्दा येत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण वाचताना एक सवय ठेवा: लेखकांची यादी बघा. त्या यादीत खेळ बनवणारे रीडेल-क्रुझ स्वतःही आहेत. यात गैर काही नाही, काम करणाऱ्यानेच प्रश्न उपस्थित करणं चांगलंच. फक्त दुसऱ्या बाजूच्या माणसाने तोच लेख कसा लिहिला असता, हे आपण मनात लिहून बघायचं.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत मजेशीर आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये 'प्राणी' म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. शब्दशः घेतली तर पॅरामेशियमही त्यात बसतं. व्यवहारात मात्र त्याच्यासाठी नैतिकता समितीकडे कोणी अर्ज करत नाही. मला यात पेशीपेक्षा खेळणाऱ्याची काळजी जास्त वाटते. शाळकरी मुलाला आपण 'हा जीव तुझ्या बटणावर नाचतो' असं शिकवणार, की 'तू इशारा दे आणि तो काय करतो ते बघ' असं? सामग्री तीच, पण धडे दोन वेगवेगळे.

नागपुरात याचं काय करायचं?

हा प्रश्न आपल्यासाठी केवळ चर्चेचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणीशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण त्या रिकाम्या जागेत काय आलं? बऱ्याच ठिकाणी तक्ते, कायमच्या स्लाइड आणि संगणकावरची चित्रं. परिणामी प्राणीशास्त्रात एमएस्सी झालेला विद्यार्थी पॅरामेशियम ओळखतो, पण रंगवलेलं आणि मेलेलं. जिवंत जीव प्रयोगात कसा वागतो, किती छळतो, हे त्याला पहिल्यांदा पीएचडीच्या पहिल्या वर्षात कळतं, आणि तेव्हा ते फार महाग पडतं. जैव-खेळ ही जागा भरू शकतात. यात कोणाला मारावं लागत नाही आणि जीव जिवंत असतो.

खर्चही फार नाही. स्टॅनफर्डमध्येच मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेने बनवलेला कागदी फोल्डस्कोप केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागामार्फत देशातल्या अनेक महाविद्यालयांत पोचला आहे. नसेल तर कॉलेजचा साधा सूक्ष्मदर्शक आणि मोबाइलचा कॅमेरा. पॅरामेशियमसाठी तणस किंवा वाळलं गवत पाण्यात उकळा, गार करा, एक-दोन दिवस तसंच ठेवा, मग त्यात तळ्याचं थोडं पाणी घाला आणि काही दिवस वाट बघा. युग्लीनासाठी फुटाळा किंवा अंबाझरीच्या काठचं हिरवट पाणी तपासून बघा. पहिल्याच थेंबात सापडेल असं नाही.

मात्र खेळ रचण्याआधी या चार गोष्टी करा. यातच खरं संशोधन आहे.

१. प्रकाश की उष्णता? युग्लीना निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देते, तांबड्याला नाही. त्यामुळे तितक्याच तीव्रतेचा तांबडा एलईडी हा तुमचा तुलनागट. तांबड्यालाही वळत असतील तर गडबड दुसरीकडेच आहे.

२. वीज की विष? पॅरामेशियमच्या पाण्यात तांब्याच्या तारा बुडवल्या तर विद्युतविघटन होतं, बुडबुडे येतात, आम्लता बदलते आणि तांबं पाण्यात उतरतं, जे पेशींना घातक आहे. पेशी विजेमुळे पळाल्या की तांब्यामुळे, हे मग सांगता येत नाही. कार्बनच्या कांड्या वापरा, छोटी बॅटरी घ्या, घरातल्या प्लगला हात लावू नका. ध्रुव उलटे करून बघा. पेशींनी लगेच दिशा बदलली तर वीज, रेंगाळल्या तर रसायनाचा संशय घ्या.

३. मे महिना. बाहेर ४५ अंश असताना खोलीतली बाटली आणि सूक्ष्मदर्शकाखालचा थेंब किती तापतो ते मोजा. पेशी सुस्त पडल्या तर दोष प्रकाशाचा नसेल, नागपूरच्या उन्हाचा असेल. प्रत्येक फेरीची वेळ आणि तापमान वहीत लिहा.

४. हात न लावता फेरी. ती आधी, आणि प्रत्येक नव्या थेंबासाठी पुन्हा.

विज्ञान दिनाला स्टॉलवर असा खेळ मांडला तर गर्दी होईल यात शंका नाही. रमण विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणीही तो शोभून दिसेल. पण तिथे 'जीव नियंत्रित करा' अशी पाटी लावली तर आपण एक खेळणं मांडलं. 'तुम्ही न खेळता किती गुण होतात ते आधी बघा' अशी पाटी लावली तर आपण प्रयोगशाळा मांडली.

तर मग निकाल काय?

जैव-खेळ कल्पक आहेत, स्वस्त होऊ शकतात आणि जिवंत जीवाशी आपली ओळख करून देतात. त्यांच्या शैक्षणिक दाव्याला मात्र अजून कसून तुलना हवी. 'नियंत्रण' हा शब्द जीवशास्त्रातला फरक झाकतो, आणि खेळ सोपा करण्याच्या नादात पेशीचा स्वभाव पुसला जाण्याचा धोका कायम आहे. म्हणून माझी शिफारस अशी: आयता खेळ आणून मुलांच्या हाती देऊ नका, तो मुलांकडून बनवून घ्या.

पुढच्या वेळी कोणताही पेपर हाती घ्याल, तेव्हा आज वापरलेले प्रश्न सोबत ठेवा. क्रियापद पुराव्याला पेलतंय का? स्वतंत्र एकक कोणतं? काहीच केलं नसतं तर काय निष्पन्न झालं असतं? कोणाला वगळलं? तुलना कशाशी केली? लेखक कोण? सहाही प्रश्नांची उत्तरं पेपरात सापडली तर पेपर चांगला. एकाचं सापडलं नाही, तर कदाचित तुमच्या सिनॉप्सिसचा विषय तिथेच आहे.

कोणी तणसाच्या काढ्यात पॅरामेशियम वाढवलंच, तर हात न लावता किती गुण झाले ते मला जरूर कळवा. खेळून किती झाले ते नंतर सांगितलं तरी चालेल.